बाळंतिणीचे कागद

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारकडे निघाले की वाटेत होसकोटे लागते. शहाजीराजांच्या जहागिरीत हा मुलूख होता, एवढीच मराठी वाचकाची त्या गावाशी जुनी ओळख. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे, आणि तेथील प्रत्येक गरोदर स्त्रीच्या हाती 'तायी कार्ड' नावाची पुस्तिका असते. तायी म्हणजे कानडीत आई. वजन, रक्तदाब, रक्तातील लोह, लघवीची तपासणी अशा नोंदी तीत होत जातात. प्रसंग बिकट झाला की बाईला बंगळुरास हलवावे लागते. तेथील डॉक्टर तिला प्रथमच पाहत असतात. मागचे सात-आठ महिने त्यांना कळायचे ते या पानांतूनच.

दुर्दैवाने ती दगावलीच, तर पुढचा कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयाने तो नमुना क्रमांक ४ मध्ये भरावयाचा असतो. त्यात कारणांची उतरंड मांडतात: वरच्या ओळीत शेवटचे कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली मूळ कारण. गणना होते ती या मूळ कारणाची. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. हृदयक्रिया सर्वांचीच बंद पडते.

एक उदाहरण घेऊ. आठव्या महिन्यात रक्तदाब चढला, आकडी आली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि बाई गेली. दाखल्यावर वरच्या ओळीत मेंदूतील रक्तस्राव व खाली गरोदरपणातील आकडी असे दोन्ही लिहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीप्रमाणे तिला 'ओ १५' हा संकेत मिळतो. गरोदरपण, प्रसूती व बाळंतपण यांचे सारे प्रकरणच 'ओ' या अक्षराने सुरू होते. परंतु दुसरी ओळ कोरी राहिली आणि ती गरोदर होती हेही कोठे नोंदले गेले नाही, तर तोच मृत्यू 'आय ६१' होतो, म्हणजे रक्ताभिसरणाच्या विकारांत जातो. मातामृत्यूंच्या हिशेबातून ती स्त्री नाहीशी होते. याचसाठी नमुन्यात स्त्रीच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न छापलेला असतो: मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता काय?

संकेतांची बारकाई कारकुनी हौस वाटण्याचा संभव आहे. तशी ती नाही. 'ओ ७२' म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. त्याचा पहिला पोटविभाग वार अडकल्याने होणाऱ्या रक्तस्रावाचा, दुसरा वार पडल्यानंतर लगेच होणाऱ्याचा, तिसरा चोवीस तास उलटल्यानंतरच्या रक्तस्रावाचा. पहिल्या दोहोंवरचा उपाय प्रसूतिगृहात सज्ज हवा. तिसऱ्यासाठी घरी परतलेल्या बाळंतिणीकडे कोणीतरी जावयास हवे. कोणत्या खात्याने काय करावे, हे त्या एका अंकावर ठरते.

मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात, किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी वा त्यावरील उपचारांशी निगडित कारणाने आलेला मृत्यू. अपघाताने आलेला मृत्यू त्यात धरीत नाहीत. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या अहवालात एक लाख जिवंत जन्मांमागे असे मृत्यू भारतात ९७, कर्नाटकात ६९ व महाराष्ट्रात ३३ होते.

लिहिताना 'ओ' आणि शून्य यांची गल्लत होते, ही जुनी तक्रार. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीच्या संकेतांतून 'ओ' व 'आय' ही दोन्ही अक्षरे वगळली आहेत; तीत आकडीचा संकेत 'जे ए २५' असा आहे.

मात्र कितीही आवृत्त्या निघाल्या तरी काही गोष्टींना संकेत मिळत नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने मातामृत्यूच्या चौकशीची पद्धत घालून दिली. तीनुसार रुग्णालयाच्या कागदांखेरीज घरच्या माणसांनाही विचारले जाते, आणि निवडक प्रकरणांत जिल्हाधिकारी नातेवाइकांना समोर बसवून ऐकतात. पायांवर सूज केव्हा दिसली? दवाखान्यात न्यावे असे कोणी, केव्हा ठरविले? गाडी किती वेळाने आली? पहिल्या रुग्णालयाने पुढे धाडताना सोबत कोणता कागद दिला? आणि पुढच्या रुग्णालयात तो कोणी वाचला?