रोजे, रॉड आणि पिरॅमिड

रमजान सुरू झाला की जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या जिममधल्या वेळा सरकतात. एरवी संध्याकाळी येणारी मुस्लिम मुले तरावीहची नमाज आटोपून रात्री उशिरा दिसू लागतात. काही जण इफ्तारच्या तासभर आधी थोडा व्यायाम उरकून खजुराकडे पळतात. त्यांच्याबरोबर सराव करणारे हिंदू दोस्तही मग आपली वेळ बदलतात, कारण जड वजन घेताना मागे उभे राहायला भरवशाचा माणूस लागतो. या महिन्यात प्रश्न एकच असतो: अकरा महिने कमावलेली ताकद तीस दिवसांत जाणार का? त्या धास्तीने पुष्कळ जण वजन निम्म्यावर आणतात आणि आकडा वाढवतात. करायला हवे ते नेमके उलट. का, ते पिरॅमिड सेट समजून घेतला की उमगते.

पिरॅमिड म्हणजे सेटगणिक वजन वाढवत जायचे आणि आकडा कमी करत जायचे. समजा, रॉड खांद्यावर घेऊन एखाद्याला जेमतेम एकच बैठक मारता येते ते वजन 80 किलो आहे. नुसता रॉड 20 किलोचा. दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेट लावून 40 किलोच्या 12 बैठका, पंधरा-पंधरा लावून 50 किलोच्या 8, वीस-वीस लावून 60 किलोच्या 5 आणि पंचवीस-पंचवीस लावून 70 किलोच्या 3. खाली रुंद, वर निमुळते.

यातला पाया सांधे गरम करतो, हालचालीला वळण लावतो. ताकद वाढते ती मुख्यतः शिखराजवळ. जड वजनाखाली मेंदू एकाच वेळी जास्त स्नायुतंतू कामाला जुंपायला शिकतो, आणि ही शिकवण हलक्या वजनाने तेवढी मिळत नाही. म्हणून पहिल्या सेटमध्ये दमायचे नसते. 40 किलोच्या 12 बैठका ठरल्या असताना जोशात 20 मारणाऱ्याचे पाय 70 किलोपर्यंत पोहोचताना लटपटतात. शेवटच्या सेटआधी तीन मिनिटे विश्रांती हवी. मोबाइल हातात घेतला की तिची दहा मिनिटे होतात, ती गोष्ट वेगळी.

हा चढता क्रम आला दवाखान्यातून. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांचे गुडघे आणि मांड्या पुन्हा कामाच्या करताना थॉमस डीलॉर्म या डॉक्टरने वजन हळूहळू वाढवण्याची पद्धत बसवली आणि 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे ती तीन सेटवर आली: दहा वेळा उचलता येईल अशा कमाल वजनाच्या निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण, प्रत्येकी दहा वेळा. 1951 मध्ये ऑक्सफर्डच्या झिनोविएफ यांनी ती उलटी केली. आधी जड, मग हलके, कारण शिखर गाठेपर्यंत रुग्ण थकून जात. दोन्हींतले श्रेष्ठ कोणते, यावर जिममध्ये तासन्‌तास वाद होतात. एकूण काम सारखे असेल तर फरक फारसा पडत नाही.

आपल्या तालमीत मुद्गल तेच, आकडा मात्र रोज चढता. ‘तालीम’ हा शब्द अरबी, मूळ अर्थ शिकवण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतला उस्ताद. ‘कसरत’ या उच्चाराचा उर्दूत आणखी एक अर्थ होतो, विपुलता. जोर-बैठकांची शेकड्यांतली मोजणी पाहिली तर तोही शोभतो. दम आणि चिवटपणा त्यातून येतोच, पण एका झटक्यात मोठे वजन उचलण्याची ताकद हवी असेल तर वजन वाढवावे लागते, आणि ती सोय रॉड-प्लेटने केली.

शिखर किती अरुंद असते हे सांगलीच्या संकेत सरगरने दाखवले. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत रॉडवरचे वजन वाढू शकते, कमी होत नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असे मिळून 248 किलो उचलले. पुढे 139 किलोला कोपर दुखावला आणि दोन्ही प्रयत्न हुकले. मलेशियाच्या खेळाडूने 249 किलो केले. एका किलोने सुवर्ण गेले, रौप्य मिळाले. शिखरावर जाताना सांधे आणि दम शिल्लक असावे लागतात, ते यासाठी.

आता रोज्यांचे गणित. ताकद मिळवायला जेवढे काम लागते, त्याच्या बऱ्याच कमी कामात ती टिकते. अट एवढीच की वजन जड राहिले पाहिजे. तेव्हा पाया आवरायचा आणि शिखर राखायचे. वरचाच माणूस 40 किलोच्या 5, 60 किलोच्या 3 आणि 70 किलोच्या 3 बैठका मारील, आठवड्यातून दोनदा. 28 बैठकांच्या जागी 11. वेळ मात्र इफ्तारनंतर दीड-दोन तासांची. दिवसभर पाण्याविना राहिलेल्या अंगावर इफ्तारआधी 70 किलो घेऊ नये, तेव्हा हलकी हालचाल पुरे. नवरात्राच्या उपवासाला पाणी चालते, म्हणून तिथे वेळेचे बंधन सैल, पण हिशेब हाच. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दिवसभर वीस किलोच्या आसपासचे क्रेट चढवणाऱ्याचा पाया तर दिवसाच घालून झालेला असतो. त्याने हलके सेट आणखी छाटावेत. सहरीत अंडी, डाळ, दूध-दही असावे, नुसत्या तळणीवर स्नायू टिकत नाहीत. चक्कर आली की रॉड खाली. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

ईदनंतर पहिल्या आठवड्यात 50 किलोचा सेट परत आणायचा, दुसऱ्यात खालचा आकडा 12 वर न्यायचा. 70 किलोला तोवर हात लावायचा नाही. मग दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवून 72.5. या छोट्या प्लेट जिमच्या कोपऱ्यात बहुधा धूळ खात पडलेल्या असतात; त्या आताच शोधून ठेवाव्यात.