खडकातील भेगा आणि सोने

अहिल्यानगर जिल्ह्यात विहीर खणताना काळा पाषाण सुरुंगाने फोडला, की पुष्कळदा त्याच्या पोटातून चमचमणारे खडे बाहेर पडतात. काही दुधासारखे पांढरे, काही पाण्यासारखे नितळ. मुले ते हौसेने गोळा करतात. आणि दगडात इतके तेज असेल, तर आणखी खोल गेल्यावर सोनेही लागेल, असे त्यांना वाटू लागते. ही कल्पना अगदीच वेडगळ नव्हे. हे खडे जसे पाण्यातून जमले, तसेच जगातील बरेचसे सोनेही पाण्यातूनच खडकात साठले आहे. मग या जिल्ह्यात सोन्याची खाण का नाही?

भूकवच अखंड नाही. आतील ताणाने व दाबाने ते जागोजागी तडकते. तडकलेल्या खडकाचे दोन भाग एकमेकांस घासून सरकले, म्हणजे त्या तड्यास विभंग म्हणतात. हे सरकणे बहुधा भूकंपाच्या वेळी क्षणार्धात घडते. मग तो विभंग शेकडो वर्षे निद्रिस्त राहतो.

अशा विभंगांच्या तळाशी, कित्येक किलोमीटर खोल, अतिशय तप्त पाणी असते. वरील खडकांच्या भारामुळे त्याची वाफ होऊ शकत नाही. खडकांतून झिरपताना ते सिलिका, गंधक व अल्पस्वल्प धातू आपल्याबरोबर घेते. पाण्यात साखर विरघळते तसे सोने विरघळत नाही, हे खरे. परंतु गंधकाशी संयोग पावून ते या तप्त पाण्यात उतरते. भूकंपाने विभंग एकाएकी उघडला, की कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते. दाब झपाट्याने उतरतो, काही पाण्याची वाफ होते, आणि उरलेल्या पाण्याला आपला भार पेलवत नाही. सिलिकेची गारगोटी होऊन ती भेगेत साचते. तिच्याबरोबर सोन्याचे कणही बसतात. भेग बुजते, दाब पुन्हा वाढतो, पुढचा भूकंप ती पुन्हा उघडतो. एका भूकंपाने साठणारे सोने अगदी नगण्य. पण असे हजारो वेळा घडले, म्हणजे सोन्याची शीर तयार होते. मौज अशी, की मोठा विभंग हा पाण्याचा केवळ राजमार्ग असतो. सोने पुष्कळदा त्याच्या आजूबाजूच्या लहान भेगांतच सापडते.

कर्नाटकातील कोलारचे सोने अशाच गारगोटीच्या शिरांत होते. तेथील खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या होत्या. त्या २००१ साली बंद झाल्या. आश्चर्य हे, की ज्या खडकांत त्या शिरा होत्या, तेही मूळचे लाव्हारसाचेच! परंतु ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. दीर्घकाळ ते खोल गाडले गेले, तापले, चेपले आणि पुनःपुन्हा तडकले.

अहिल्यानगरच्या काळ्या पाषाणाच्या वाट्याला हे भोग आले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले व थंड झाले. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर त्याच थरांचे बनलेले आहे. भेगा येथेही पडल्या. संगमनेर भागात तर जुन्या भेगांत लाव्हारस गोठून उभ्या दगडी भिंती तयार झालेल्या आहेत. पण हा खडक फार खोल कधी गाडलाच गेला नाही. त्यातून फिरणाऱ्या कोमट पाण्याने सोने आणले नाही. खडकातीलच सिलिका व चुना घेऊन ते वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांत शिरले आणि तेथे गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइट यांचे स्फटिक जमले. तेच विहिरीतले खडे.

या काळ्या थरांखाली पुरातन खडक आहेतच. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे भोक पाडले, तेव्हा ३३८ मीटरांवर ते लागले. कोयनेजवळ त्यांसाठी नऊशे मीटरांहून खोल जावे लागले. त्या पुरातन खडकांत एखादी सोन्याची शीर असलीच, तर ती या जाड पांघरुणाखाली दडलेली आहे. पूर्व विदर्भात हे पांघरूण नाही. म्हणून नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील जुन्या खडकांत सोन्याचा अंश आढळू शकला.

अहिल्यानगरच्या भेगांचा शोध मात्र आजही चालू असतो. पण तो सोन्यासाठी नव्हे. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पारनेर, संगमनेरसारख्या कोरड्या तालुक्यांत विहीर खणणारा माणूस पहारीचा आवाज बदलला की थबकतो. खडक तेथे फुटका असतो, आणि झरा लागला तर तो त्या फटीतूनच लागतो.