युरोपातील माहिती-तंत्रज्ञान संशोधनाचे सार्वजनिक अर्थसाहाय्य : धोरण, कार्यपद्धती आणि फलित

प्रस्तावना :

संशोधनाला पैसा कोणी पुरवावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. मात्र ज्या समाजाचा पैसा खर्च होतो, त्या समाजाला त्यातून काय मिळावे, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला असतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तो अधिक तीव्र होतो, कारण येथे संशोधन, उद्योग आणि राजसत्ता यांच्या सीमारेषा फार पुसट आहेत. अमेरिकेत या क्षेत्राची पायाभरणी संरक्षण खात्याच्या निधीतून आणि पुढे खाजगी भांडवलातून झाली. युरोपने मात्र १९८० च्या दशकापासून अनेक राष्ट्रांनी मिळून, करदात्यांच्या पैशातून, ठरावीक मुदतीच्या सामायिक कार्यक्रमांद्वारे संशोधन चालविण्याचा मार्ग पत्करला. चार दशकांच्या या प्रयोगातून काय साधले आणि काय निसटले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१. युरोपातील सामायिक संशोधन-अर्थसाहाय्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या अर्थसाहाय्याची कार्यपद्धती समजावून घेणे.
३. त्याच्या यशापयशाचे मूल्यमापन करणे आणि भारतीय संदर्भाचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९६० च्या दशकात युरोपच्या संगणक-बाजारपेठेवर आयबीएम या अमेरिकन कंपनीचे वर्चस्व होते. त्याला उत्तर म्हणून प्रत्येक मोठ्या राष्ट्राने आपापली एकेक कंपनी 'राष्ट्रीय कैवारी' म्हणून उभी करण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सने १९६६ मध्ये 'प्लॅन कॅल्क्युल' ही योजना आखून सीआयआय ही कंपनी स्थापन केली. ब्रिटनमध्ये आयसीएलला सरकारी पाठबळ मिळाले. पुढे १९७३ मध्ये सीआयआय, जर्मनीची सीमेन्स आणि नेदरलँड्सची फिलिप्स यांनी एकत्र येऊन 'युनिडाटा' हा संयुक्त उपक्रम सुरू केला. परंतु परस्परविरोधी हितसंबंध आणि फ्रान्सचे बदललेले धोरण यांमुळे १९७५ मध्येच तो मोडीत निघाला. प्रत्येक राष्ट्राची स्वतंत्र बाजारपेठ संगणक-उद्योगासाठी अपुरी आहे आणि कंपन्यांची मोट बांधून केलेली एकजूट टिकत नाही, हे दोन धडे त्यातून मिळाले.

दरम्यान जपानने सरकार व उद्योग यांच्या सहकार्याने एकात्मिक मंडलांवरील मोठा प्रकल्प यशस्वी केला आणि १९८२ मध्ये 'पाचव्या पिढीच्या' संगणकाचा कार्यक्रम हाती घेतला. या पार्श्वभूमीवर युरोपीय आयोगाचे उद्योगविषयक आयुक्त एतियेन दाव्हिन्यों यांनी युरोपातील बारा प्रमुख कंपन्यांच्या प्रमुखांना एका टेबलाभोवती बसविले. सीमेन्स, फिलिप्स, ऑलिव्हेट्टी, बुल, आयसीएल, निक्सडॉर्फ आदींचा त्यात समावेश होता. या चर्चांतून 'एस्प्रिट' हा माहिती-तंत्रज्ञान संशोधनाचा कार्यक्रम जन्मास आला. १९८३ मध्ये त्याचा प्रायोगिक टप्पा पार पडला आणि १९८४ मध्ये मुख्य कार्यक्रमास मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्यासाठी समुदायाने ७५ कोटी एक्यू, म्हणजे त्या काळचे युरोपीय हिशेबी चलन, देऊ केले आणि तेवढीच रक्कम सहभागी संस्थांनी घालावी असे ठरले.

एस्प्रिटची दोन तत्त्वे महत्त्वाची आहेत. प्रत्येक प्रकल्पात किमान दोन वेगवेगळ्या सदस्य राष्ट्रांतील कंपन्यांनी एकत्र यावे, हे पहिले. संशोधन 'स्पर्धापूर्व' स्वरूपाचे असावे, हे दुसरे. बाजारात उतरवायचे उत्पादन ज्याचे त्याने स्वतःच्या पैशाने घडवावे; त्याआधीचे, सर्वांना उपयोगी पडणारे ज्ञान मात्र एकत्रितपणे निर्माण करावे, असा त्याचा अर्थ. स्पर्धाविषयक कायद्याला बाध न आणता सरकारी पैसा खर्च करण्याची ती युक्ती होती, तसेच प्रतिस्पर्ध्यांमध्ये विश्वास निर्माण करण्याचे साधनही होते.

चौकट कार्यक्रमांची वाटचाल :

१९८४ मध्येच विविध क्षेत्रांतील संशोधनाला एका छत्राखाली आणणारा पहिला 'चौकट कार्यक्रम' सुरू झाला. १९८७ मध्ये अमलात आलेल्या 'एकल युरोपीय कायद्या'ने समुदायाच्या संशोधन-धोरणाला कराराचे अधिष्ठान दिले. त्यानंतर निधीचा ओघ वाढत गेला. पाचव्या कार्यक्रमात (१९९८-२००२) माहिती-समाज तंत्रज्ञानासाठी सुमारे ३.६ अब्ज युरो राखून ठेवण्यात आले. सातव्या कार्यक्रमात (२००७-२०१३) हा आकडा सुमारे ९ अब्जांपर्यंत गेला. 'होरायझन २०२०' (२०१४-२०२०) या कार्यक्रमाचा एकूण निधी सुमारे ८० अब्ज, तर 'होरायझन युरोप' (२०२१-२०२७) या कार्यक्रमाचा ९५.५ अब्ज युरो ठरविण्यात आला. याखेरीज तयार तंत्रज्ञानाच्या प्रत्यक्ष वापरासाठी 'डिजिटल युरोप' हा साडेसात अब्ज युरोंहून अधिक निधीचा वेगळा कार्यक्रम २०२१ पासून राबविला जात आहे.

या आकड्यांना धोरणाची जोड होती. १९९४ च्या बांगेमान अहवालाने दूरसंचाराच्या उदारीकरणाचा आणि माहिती-समाजाचा पुरस्कार केला. मार्च २००० मध्ये लिस्बन येथे युरोपला २०१० पर्यंत जगातील सर्वाधिक स्पर्धाक्षम ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था बनविण्याचा संकल्प सोडण्यात आला आणि २००२ मध्ये बार्सिलोना येथे संशोधनावरील खर्च एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. ते आजही गाठलेले नाही. २०२३ मध्ये हे प्रमाण सुमारे २.२ टक्के होते.

अर्थसाहाय्याची कार्यपद्धती :

आयोग प्रथम 'कार्ययोजना' प्रसिद्ध करतो. तीत संशोधनाचे विषय, अपेक्षित परिणाम आणि उपलब्ध निधी नमूद असतो. त्यानुसार प्रस्ताव मागविले जातात. सहकार्य-प्रकल्पासाठी सामान्यतः तीन वेगवेगळ्या राष्ट्रांतील किमान तीन स्वतंत्र संस्थांचा संघ आवश्यक असतो. आयोगाबाहेरील तज्ज्ञ प्रस्तावांची छाननी करतात. गुणवत्ता, संभाव्य परिणाम आणि अंमलबजावणीची क्षमता या तीन निकषांवर प्रत्येकी पाच गुण दिले जातात. पंधरापैकी किमान दहा गुण मिळविणे हा सर्वसाधारण उंबरठा असला, तरी निधी मर्यादित असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक गुण लागतात. होरायझन २०२० मध्ये साधारण शंभरातील बाराच प्रस्तावांना यश मिळाले. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी प्रस्तावांमागील श्रम वाया जातात, हा या पद्धतीवरील गंभीर आक्षेप आहे.

खर्चाच्या वाटणीतही बदल होत गेला. एस्प्रिटमध्ये निम्मा भार कंपन्यांनी उचलायचा होता. सातव्या कार्यक्रमात विद्यापीठांना व लघुउद्योगांना संशोधनखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू लागले. होरायझन २०२० ने ही गुंतागुंत कमी करून संशोधन-प्रकल्पांना १०० टक्के थेट खर्च आणि अप्रत्यक्ष खर्चापोटी त्यावर सरसकट २५ टक्के देण्याचे सूत्र स्वीकारले. प्रकल्पांतून निघालेले शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, ही अटही त्याच वेळी सार्वत्रिक करण्यात आली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय संशोधन परिषदेने आणखी वेगळी वाट धरली. तेथे विषय आयोग ठरवीत नाही; एकटा संशोधक आपली कल्पना मांडतो आणि केवळ शास्त्रीय गुणवत्तेवर निवड होते.

यशापयशाचे मूल्यमापन :

एस्प्रिटचा उद्देश युरोपीय संगणक-कंपन्यांना वाचविणे हा होता असे मानले, तर तो फसला असेच म्हणावे लागेल. १९९० मध्ये आयसीएलचे नियंत्रण जपानच्या फुजित्सूकडे गेले, त्याच वर्षी निक्सडॉर्फ सीमेन्समध्ये विलीन झाली आणि पुढे फिलिप्सनेही संगणक-व्यवसायातून अंग काढून घेतले. २००५ मध्ये फ्रान्स व जर्मनी यांनी 'क्वेरो' या शोधयंत्र-प्रकल्पाची घोषणा केली. २००६ च्या अखेरीस जर्मनीने वेगळी वाट धरली. २००८ मध्ये आयोगाने फ्रान्सच्या ९९ दशलक्ष युरोंच्या साहाय्यास मान्यता दिली, तरी सामान्य वापरकर्त्याच्या हाती गूगलला पर्याय आला नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'मानवी मेंदू प्रकल्पा'च्या उद्दिष्टांवर आणि कारभारावर पुढच्याच वर्षी शेकडो शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राद्वारे आक्षेप घेतला. प्रकल्पाची पुनर्रचना करावी लागली आणि २०२३ मध्ये तो संपला, तेव्हा मूळ स्वप्नापेक्षा बराच मर्यादित, पण उपयुक्त असा संशोधन-साधनांचा संच मागे राहिला.

याउलट जेथे उद्दिष्ट सामायिक मानकाचे होते, तेथे यश घवघवीत आहे. जीएसएम हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८२ मध्ये युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांनी भ्रमणध्वनीच्या समान मानकासाठी गट नेमला. १९८७ मध्ये समुदायाने त्यासाठी ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवण्याचा निर्देश काढला आणि तेरा राष्ट्रांतील संस्थांनी कोपनहेगन येथे सामंजस्य करारावर सह्या केल्या. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जीएसएम सेवा सुरू झाली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यात भारतातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले, तेही याच मानकावर. येथे शासनाने कोणतीही एक कंपनी निवडली नाही. नियम, वारंवारता-पट्टा आणि मुदत एवढेच ठरवून दिले आणि कंपन्यांना त्यावर स्पर्धा करू दिली.

तिसरा प्रकार दीर्घकालीन ज्ञानसंचयाचा आहे. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे १९८४ मध्ये फ्लेमिश शासनाने उभारलेली आयमेक ही संशोधन-संस्था आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये जन्मलेली एएसएमएल ही कंपनी यांच्या सहकार्यातून, तसेच सार्वजनिक साहाय्याच्या अनेक सामायिक प्रकल्पांतून, सूक्ष्ममंडल-छपाईचे तंत्र विकसित होत गेले. आज अतिनील टोकाच्या प्रकाशावर चालणारी अशी यंत्रे बनविणारी एएसएमएल ही जगातील एकमेव कंपनी आहे. या फळास तीन दशकांहून अधिक काळ लागला. पाच-सात वर्षांच्या कार्यक्रमाच्या हिशेबवहीत असे यश कधीच दिसले नसते.

१९९५ च्या हरितपत्रात आयोगाने ज्याला 'युरोपीय विरोधाभास' म्हटले, म्हणजे उत्तम विज्ञान पण दुबळे व्यापारी रूपांतर, तो अद्याप सुटलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्रागी यांनी सादर केलेल्या अहवालातही निधी अनेक क्षेत्रांत विखुरलेला आणि प्रक्रिया किचकट असल्याची टीका आहे. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८-२०३४ या काळासाठी १७५ अब्ज युरोंच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव मांडला, त्यामागे हीच अस्वस्थता आहे.

भारतीय संदर्भ :

भारत व युरोपीय समुदाय यांच्यात विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार २००१ मध्ये झाला. सातव्या चौकट कार्यक्रमात भारतीय संस्थांना युरोपीय निधी थेट मिळू शकत असे; २०१४ पासून मात्र ही सोय सरसकट राहिली नाही. भारतीय संस्था संघात सामील होऊ शकते, पण सामान्यतः तिने आपला खर्च स्वतः किंवा भारत सरकारच्या साहाय्याने भागवावा लागतो. व्यक्तीसाठी दार अजून उघडे आहे. मारी क्युरी शिष्यवृत्ती आणि संशोधन परिषदेची अनुदाने राष्ट्रीयत्व पाहत नाहीत. म्हणजे आपला गुणवान विद्यार्थी तेथे जाऊ शकतो. त्याचे महाविद्यालय मात्र भागीदार म्हणून क्वचितच पोहोचते. प्रयोगशाळा, लेखा-कर्मचारी आणि प्रस्ताव लिहिण्यासाठी लागणारा मोकळा वेळ यांअभावी ते संघाच्या यादीत येतच नाही.

भारताचा संशोधनखर्च एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची कल्पना मांडली गेली असून, त्यातील मोठा वाटा शासनेतर स्रोतांतून अपेक्षित आहे. उद्योगांनी आपला वाटा उचलावा म्हणून युरोपने आधी सामायिक नियम, स्पर्धापूर्व संशोधनाची मर्यादा आणि समान वाटणीची अट घातली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सार्वजनिक पैशाने विजेती कंपनी घडविण्याचे युरोपचे प्रयत्न बहुधा असफल ठरले. सामायिक मानके आणि ज्ञानसंचय घडविण्याचे प्रयत्न फलदायी ठरले.
२. अर्थसाहाय्य आणि नियमन ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. वारंवारता-पट्टा राखून ठेवणारा निर्देश नसता, तर जीएसएमवरील संशोधन कागदावरच राहिले असते.
३. संशोधनाचे फळ आणि कार्यक्रमाची मुदत यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून मूल्यमापन केवळ मुदतीअखेरच्या अहवालावर करणे न्याय्य नाही.
४. सहकार्याची सक्ती आरंभी जाचक वाटते, पण तीतूनच संशोधकांची जाळी विणली जातात. एस्प्रिटमधील अनेक कंपन्या गेल्या. ती जाळी टिकली.

चौथा निष्कर्ष आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. तीन जिल्ह्यांतील तीन महाविद्यालयांनी एकत्र येऊन प्रस्ताव सादर करावा, अशी अट आपल्याकडील लहान अनुदानांनाही घालता येईल. त्यासाठी अब्जावधींची गरज नाही. एकमेकांवर विश्वास ठेवण्याची आणि यशाइतकेच अपयशही नोंदविण्याची तयारी मात्र हवी.