मेमध्ये बिघडतं, डिसेंबरात कळतं

नागपूरची ओळख उन्हाळ्याच्या आकड्यांवर. तरी २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी थंडी दरवर्षी पडत नाही, पण जुन्या डिझेल गाडीला आठ-दहा अंशांची पहाटही पुरते. सेल्फ फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, इंजिन मात्र उठत नाही. बॉनेट उघडतं आणि लगेच निकाल लागतो, ‘हिटर गेले, भाऊ.’ हा निकाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातोय आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. हिटर प्लग धडधाकट असतो. गेलेली असते ती त्याच्यापर्यंत येणारी वायर, नाहीतर अर्थिंग.

डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. जुन्या इंजिनांत ते थेट सिलिंडरात न फवारता शेजारच्या छोट्या कोठडीत फवारत. गार इंजिनात त्या कोठडीच्या भिंतीच हवेची ऊब खाऊन टाकत, म्हणून आत एक तापणारी तार, म्हणजेच हिटर प्लग, बसवावी लागे. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला. त्यानंतर रस्त्यावर आलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांची इंजिनं याच जातीची होती. साठच्या दशकात देशात बनू लागलेल्या बी-२७५ ट्रॅक्टरचंही तेच.

त्या काळचे प्लग माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग जोडलेले असत. बारा व्होल्टच्या गाडीत एकेका प्लगच्या वाट्याला दीड-दोन व्होल्ट येत. डॅशबोर्डवर जाळीआड एक तार असे, तीही याच माळेत. चालक बटण धरून तिच्याकडे बघत बसायचा. ती तार म्हणजे अख्ख्या वायरिंगचा अहवालच होता. हळूहळू लाल झाली तर सगळं ठीक. मुळीच तापली नाही तर माळ कुठेतरी तुटली आहे. क्षणात पांढरी व्हायला लागली, तर एखादा प्लग किंवा जोड बॉडीला टेकून शॉर्ट झाला आहे. माळ तुटली असेल तर मिस्त्री एक जाडसर वायर घेऊन एकेका प्लगची दोन टोकं जोडत जायचा. ज्या प्लगला वळसा घातल्यावर डॅशवरची तार जिवंत होई, तो मेलेला. मीटर नाही, स्कॅनर नाही, पण निदान पक्कं. दोष शोधण्याची इतकी प्रामाणिक व्यवस्था नंतरच्या गाड्यांत मला दिसलेली नाही.

पुढे टाटांच्या मोठ्या ट्रकांत डिझेल थेट सिलिंडरात फवारलं जाऊ लागलं आणि तिथली हिटरची गरज संपली. नागपूरच्या ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये वयस्क चालक हिटरच्या गोष्टी सांगतात आणि मधल्या पिढीच्या ट्रकवाल्यांना त्यातलं फार ठाऊक नसतं, त्याचं कारण हे. हिटर उरला तो लहान गाड्यांत. महिंद्राच्या जीपमधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, १९८८ च्या टाटा मोबाइल पिकअपमधलं आणि १९९४ च्या सुमोमधलं १९४८ सीसीचं ४८३, ही सगळी कोठडीची इंजिनं. (नावातच मापं आहेत: पहिल्यात चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर; दुसऱ्यात चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर. जुन्या मिस्त्रींना पार्ट मागताना एवढं पुरे.)

या गाड्यांत माळ जाऊन समांतर जोडणी आली. चारही प्लगांवर एक पट्टी, पट्टीला रिलेतून येणारी जाड वायर, आणि परतीचा रस्ता प्लगच्या बॉडीतून हेडमध्ये, तिथून अर्थिंगच्या वेणीने चेसिसवर. यात सोय झाली खरी, कारण एक प्लग मेला तरी तिघे काम करतात. पण लबाडीही इथूनच सुरू झाली. डॅशवरचा पिवळा दिवा बहुतेक गाड्यांत टायमरच्या हुकमाने लागतो आणि विझतो. प्लगपर्यंत करंट पोचला की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. दिवा विझला की चालक सेल्फ मारतो, गाडी उठत नाही, आणि बिल होतं चार नव्या प्लगांचं.

हिशोब साधा आहे. चार प्लग मिळून पन्नास अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. वाटेत वायरच्या टोकाच्या एखाद्या गंजक्या थिंबलने ओहमचा पन्नासावा भाग इतका अडथळा केला, तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. असे दोन जोड असले की अकरा व्होल्टच्या जागी प्लगला नऊ मिळतात, आणि उष्णता एकदम दोन-तृतीयांशावर येते. नऊ व्होल्टवर टेस्ट लॅम्प झकास पेटतो, म्हणून मिस्त्री म्हणतो, ‘करंट येऊन राहिला ना बाप्पा.’ येतोय, पण पुरेसा नाही. म्हणून प्लग चालू असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी हिटरच्या पट्टीवर धरायची. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर, रिले किंवा थिंबल दोषी. मग तेच बॅटरीच्या मायनस आणि इंजिनच्या हेडमध्ये करायचं. त्यानंतर पट्टी काढून एकेक प्लग तपासायचा. हा क्रम उलटा केला की खिसा कापला जातो.

वैदर्भीय हवामानाचा यात मोठा हात आहे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, वर इंजिनची धग, अशात वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि बॅटरीचं आयुष्यही झपाट्याने उतरतं. जुलैचा पाऊस त्या तड्यांतून शिरून तांबं हिरवं करतो. यातलं काहीच तेव्हा जाणवत नाही, कारण उन्हाळ्यात गाडी हिटरशिवायही उठते. बिल फाडायला थंडी येते. नेमकं काटोल-नरखेडकडून आंबिया बहाराची संत्री पहाटे नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघायच्या दिवसांत.

टायमर बिघडला की डॅशबोर्डखाली हिटरचं बटण लावून देण्याची रीतही इथली जुनी. रीत वाईट नाही, फक्त बटणाने रिले चालवावा. कित्येक गाड्यांत हिटरचा सगळा करंट घरगुती वायरीतून आणि त्या बटणातूनच फिरवलेला असतो. बटण गरम लागतं, वास येतो आणि प्लगला उरलंसुरलं मिळतं.

एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आता लहान गाड्यांतही डिझेल थेट सिलिंडरात जातं, तरीही धूर आणि प्रदूषण आवरण्यासाठी तिथे हिटर टिकून आहे. त्याचा कारभार इसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडे असतो आणि काही प्लग पाच-सात व्होल्टचेच असतात. जुन्या सवयीने बॅटरीला लावून ‘लाल होतो का’ बघितलं, तर असा प्लग जागीच संपतो. तिथे स्कॅनरच हवा.

जुनी सुमो, जीप किंवा पिकअप अजून चालवत असाल तर दिवाळीच्या आत एवढं करा: इंजिन ते चेसिसची अर्थिंगची वेणी उघडा, दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासा, रिलेपासून पट्टीपर्यंतची वायर सहा चौरस मिलिमीटरची नवी टाका आणि थिंबल नुसतं दाबून न सोडता झाळून घ्या. प्लग विकत घ्यायचे ते यानंतर.