लहर ओळखणारी भिंत

व्हॉयेजर यानाची ३.७ मीटर व्यासाची बशी चित्रांत बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्या तोंडासमोर एक छोटी उपबशी आहे, तिच्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. खरी गंमत तिथेच आहे. यानाला या एकाच बशीतून सुमारे २.३ आणि ८.४ गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर बोलायचं होतं. ८.४ची लहर उपबशीवर आपटून मोठ्या बशीकडे वळते. २.३चा स्रोत उपबशीच्या मागे बसवलेला आहे आणि त्याची लहर तिच्यातून आरपार जाते, जणू मध्ये काही नाहीच. ही किमया साधते ती उपबशीवर ओळीने मांडलेल्या, अधिक-चिन्हाच्या आकाराच्या धातूच्या तुकड्यांमुळे. ना बॅटरी, ना चिप. १९७७पासून हे काम बिनतक्रार चालू आहे.

ठरावीक वारंवारता निवडणाऱ्या अशा पृष्ठभागांना इंजिनिअर मंडळी ‘फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह सरफेस’, थोडक्यात ‘एफएसएस’ म्हणतात. त्यांचं मूळ शोधत गेलं की आपण थेट अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियात पोचतो. फ्रान्सिस हॉपकिन्सनला रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहताना काही विचित्र रेषा दिसल्या आणि डेव्हिड रिटनहाउसने केसांची जाळी बनवून त्यांचा छडा लावला.

साधी जाळी आपल्याकडेही आहे. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस बशा आहेत, प्रत्येकी ४५ मीटरच्या. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या आहेत. एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांतून वारा निघून जातो, पण हायड्रोजनकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच. म्हणजे ही चाळण झाली: लांब लहर अडते, फार आखूड असेल ती निसटते. मधलीच एखादी वारंवारता उचलायची असेल तर अशी चाळण कामाची नाही. तिथे आकार लागतो.

१० गिगाहर्ट्झची लहर ३० मिलिमीटर लांब असते. तांब्याच्या पातळ रेषेने साडेसात मिलिमीटर बाजूचं चौकोनी कडं काढलं, तर त्याचा परीघ बरोबर तेवढाच भरतो. ही लहर आली की कड्यात प्रवाह उसळतो, म्हणजेच अनुनाद होतो, आणि कडं स्वतःच लहरी फेकू लागतं. पुढच्या बाजूला त्या मूळ लहरीला खोडून काढतात, मागच्या बाजूला परावर्तन म्हणून दिसतात. अशा शेकडो कड्यांची भिंत १० गिगाहर्ट्झ अडवते. उलट, अखंड तांब्यात तसाच चौकोनी काप घेतला तर १० तेवढी सोडते, बाकीच्यांना अडवते. पीसीबीच्या, म्हणजे छापील सर्किटच्या, एफआर-४ पाटीवर हेच छापलं तर पाटीमुळे अनुनाद खाली सरकतो, म्हणून कडं लहान करावं लागतं.

इथवर सोपं आहे. पण कडं एका वारंवारतेला पक्कं, आजूबाजूला ढिलं. रुंद पट्टा हवा असेल तर जुना उपाय म्हणजे थर वाढवणं: दोन-तीन पृष्ठभाग पाव तरंगलांबीच्या अंतराने ठेवायचे. १० गिगाहर्ट्झला हे अंतर साडेसात मिलिमीटर, १ गिगाहर्ट्झला साडेसात सेंटिमीटर. एवढी जाडी विमानाच्या नाकावरच्या कवचात कुठून आणायची?

कमाल साराबंदी आणि नादेर बेहदाद यांनी २००७मध्ये मांडलेली वाट मला सगळ्यांत हुशारीची वाटते. त्यांनी अनुनाद करणारा आकारच सोडून दिला. एका थरात तरंगलांबीच्या मानाने चिमुकले चौकोनी तुकडे ठेवले. त्यांच्यामधल्या फटी कपॅसिटरचं काम करतात. दुसऱ्या थरात तारांची जाळी, ती इंडक्टर. एकटा कोणताच थर अनुनादत नाही, जोडीने अनुनादतात. पुढे याच धर्तीवर तुकडे, जाळी, पुन्हा तुकडे अशी मांडणी करून सपाट माथ्याचा पट्टा मिळवता आला, तोही तरंगलांबीच्या काही टक्के जाडीत. शिवाय फिल्टर-सर्किटची जुनी कोष्टकं इथे थेट वापरता येतात.

तरी शोधनिबंधातला देखणा आलेख पाहून हुरळून जाऊ नये. बऱ्याचदा तो अगदी समोरून येणाऱ्या लहरीचा असतो. मोकळ्या जागेत लहरीला ३७७ ओहमचा अवरोध दिसतो आणि फिल्टर त्या आकड्याला जुळवलेला असतो. लहर ६० अंश तिरकी आली की भिंतीच्या लेखी हा आकडा एका ध्रुवीकरणात दुप्पट होतो, दुसऱ्यात निम्मा. एकात पट्टा आक्रसतो, दुसऱ्यात पसरतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या बेन मंक यांनी या तिरकेपणाशी झुंजण्यात उमेदीची वर्षं घालवली. पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना योग्य जाडीचं डायइलेक्ट्रिक लावून पट्टा स्थिर कसा ठेवायचा, हे त्यांच्या २०००च्या पुस्तकात आहे. विषयात शिरणारा आजही तिथूनच सुरुवात करतो.

लहरी निवडून सोडण्याचा हा प्रश्न आता खिडकीपर्यंत आला आहे. उष्णता अडवणाऱ्या काचेवर चांदीचा अतिपातळ लेप असतो आणि तो मोबाइलची लहरही अडवतो. युरोपातल्या रेल्वेगाड्यांमध्ये त्यावर उपाय म्हणून लेसरने लेपात बारीक रेषा कोरतात. लेपाचे सुटे तुकडे होतात, लांब लहरी आत येतात, उष्णता बव्हंशी बाहेरच राहते. आपल्याकडे २०२२च्या ५जी लिलावात ७०० मेगाहर्ट्झही होता आणि २६ गिगाहर्ट्झही. एकाची लहर ४३ सेंटिमीटर, दुसऱ्याची साडेअकरा मिलिमीटर. पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे पहिलीला सहज वाट देतात, पण दुसरीला तेच अर्ध्या तरंगलांबीचे होऊन बसतात आणि अडवू लागतात. तुकडे आणखी लहान करावेत तर रेषा वाढतात, लेसरचं काम लांबतं, काचेवरची चांदी घटते आणि ऊन थोडं जास्त आत येतं.