हॅरींची पत्रं राहिली, बेस यांची जळाली

अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स या गावी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचं स्मृती-ग्रंथालय आहे. हॅरींनी पत्नी बेस यांना लिहिलेली १,३००हून अधिक पत्रं तिथे जपलेली आहेत. बेस यांनी हॅरींना लिहिलेल्यांपैकी उरली आहेत ती सुमारे १८०. बाकीची त्यांनी स्वतःच्या हातांनी जाळली. घरात सांगितली जाणारी हकीकत अशी : १९५५च्या नाताळाच्या सुमारास बेस शेकोटीपुढे बसून एकेक पत्र आगीत टाकत होत्या. ते पाहून हॅरी म्हणाले, अगं, इतिहासाचा तरी विचार कर. तोच तर केलाय, असं बेस यांनी उत्तर दिलं आणि त्यांचं काम चालूच राहिलं.

हे दोघे १८९०मध्ये चर्चच्या रविवारच्या शाळेत भेटले, तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. पुढे हॅरी शेती करू लागले. बेस वॉलेस गावातल्या बड्या घरातल्या. २२ जून १९११ रोजी हॅरींनी त्यांना जे पत्र लिहिलं, ते मुळातून वाचावं असं आहे. सुरुवातीला दुष्काळाचं रडगाणं. पाणी आणि बटाटे आता हिऱ्यांसारखे महाग होणार, अशी तक्रार. आणि हिऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, मी हिऱ्याची अंगठी आणली तर घालशील का, असा प्रश्न! बेस यांनी नकार दिला. हॅरींनी त्या नकाराबद्दलही आभार मानणारं पत्र लिहिलं आणि लिहीत राहिले. लग्न झालं २८ जून १९१९ रोजी, हॅरी पहिल्या महायुद्धातून परतल्यावर.

नंतर ते सासुरवाडीतच राहिले. २१९, नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट हे घर बेस यांच्या आजोबांचं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस गावाच्या दृष्टीने घरजावईच.

१९४५ ते १९५३ या अध्यक्षपदाच्या काळात बेस वारंवार गावी येऊन राहत. व्हाइट हाउस त्यांना मानवलं नाही. अभ्यासकांचं मात्र यात भाग्य, कारण त्या दूर होत्या म्हणूनच हॅरी लिहीत होते. ३१ जुलै १९४५ रोजी, पॉट्सडॅम परिषद चालू असताना बर्लिनहून पाठवलेल्या पत्रात ते पत्त्यांच्या भाषेत सांगतात की, स्टालिनला ठाऊक नाही, पण माझ्या हातात एक एक्का दडलेला आहे. त्यानंतर आठवडाभरातच हिरोशिमावर बॉम्ब पडला. जग बदलून टाकणाऱ्या घटनेची चाहूल नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या घरगुती पत्रात लागते, तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

बेस यांच्या मौनाचं मूळ बहुधा फार मागे आहे. १९०३मध्ये त्यांच्या वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या काळच्या छोट्या गावात ही नामुष्कीची गोष्ट होती. बेस यांनी ती जन्मभर गिळली. आधीच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सुरू केलेल्या पत्रकार परिषदाही त्यांनी बंद केल्या. पत्रं जाळणाऱ्या त्या पहिल्याच नव्हत्या : अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांनीही पती जॉर्ज यांच्याशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार जाळला होता. खासगी पत्रं जाळण्याचा हक्क बेस यांना होता, हे मान्यच करायला हवं. तरीही हानी मोठी आहे. हॅरी राजकारणातल्या कितीतरी गोष्टी बायकोपुढे मांडत. आज त्या संवादाची एकच बाजू नीट ऐकू येते.

जे उरलं आहे, ते सगळंच काही गोड नाही. २००३मध्ये ग्रंथालयाच्या फडताळावर १९४७ सालची एक डायरी मिळाली. न्यूयॉर्कच्या एका जमीन-व्यवसाय मंडळाची छापील डायरी, म्हणून ती इतकी वर्षं कोणी उघडलीच नव्हती. आत हॅरींच्या हस्ताक्षरात ज्यूंविषयी कडवट, पूर्वग्रहदूषित मजकूर होता. वर्षभरातच इस्रायलला मान्यता देणाऱ्या माणसाचा! ग्रंथालयाने तो दडपला नाही, जाहीर केला. अभिलेखागाराची खरी कसोटी अशा वेळी लागते, आणि या संस्थेने ती पार केली.

हॅरी १९७२मध्ये गेले, बेस १९८२मध्ये, ९७व्या वर्षी. ग्रंथालयाच्या अंगणात दोघांच्या समाधी शेजारी-शेजारी आहेत. राहतं घर बेस यांनी देशाला दिलं. ते बघता येतं, वरचा मजला मात्र पर्यटकांसाठी बंद असतो. हॅरींची बेस यांना लिहिलेली पत्रं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत वाचता येतात. सुरुवात १९११च्या त्या दुष्काळाच्या पत्रापासून करावी.