व्यसनमुक्तीच्या दाव्यात तारखेवर तारीख नको

आपल्या चळवळीत दारूविरुद्ध जेवढे बोलले गेले, तेवढे तंबाखूविरुद्ध बोलले गेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती निष्ठेने पाळणारे असंख्य उपासक आज गावोगावी आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. परंतु दारूला न शिवणारा आमचाच कार्यकर्ता रात्रीच्या बैठकीत चहाबरोबर सिगारेट पेटवतो, तेव्हा कोणाला काहीच वाटत नाही. मोर्चाचे नियोजन, पत्रकाचा मजकूर, निवडणुकीचे गणित, सगळे त्या धुरातच ठरते. ऐन पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्या कार्यकर्त्यांच्या शोकसभा आम्ही कितीतरी घेतल्या. ‘समाजाची न भरून निघणारी हानी’ असे प्रत्येक सभेत म्हटले गेले. पण त्याच्या खिशातल्या पाकिटाबद्दल एकही वक्ता बोलला नाही.

आता यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. आपली शिकलेली, चांगल्या पगारावर लागलेली मुले भेटतात आणि सांगतात, ‘सर, सिगारेट जवळजवळ सुटली. आता व्हेप ओढतो. तीही हळूहळू बंद करणार.’ या मुलांची थट्टा करणे आम्हाला मान्य नाही. सोडावेसे वाटणे हीच अर्धी लढाई असते. पण त्यांनी धरलेली वाट खरोखर मुक्तीकडे जाते का, हे तपासले पाहिजे. वकिलाने दोन्ही बाजू ऐकून मग बोलावे, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे.

व्हेप म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या चिनी औषधनिर्मात्याने तिचे आजचे रूप घडवले. तिच्यात एक बॅटरी असते, एक तापणारी तार असते आणि निकोटीन व सुगंध मिसळलेला द्रव असतो. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती छातीत ओढली जाते. यात तंबाखू जळत नाही. सिगारेटचे व्यसन निकोटीनमुळे लागते, पण कर्करोग, हृदयविकार आणि फुफ्फुसाचे आजार मुख्यतः तंबाखूच्या जळण्यातून निघणाऱ्या डांबरासारख्या विषारी द्रव्यांमुळे आणि कार्बन मोनॉक्साईडसारख्या वायूंमुळे होतात. म्हणून जळणे थांबले तर अपाय कमी होतो, असा व्हेपच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही.

इंग्लंडमध्ये या युक्तिवादावर सरकारी धोरणच उभे आहे. तेथे ८८६ माणसांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना व्हेप दिली, निम्म्यांना निकोटीनचा गम, पट्टी वगैरे औषधे दिली. वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, तर औषधवाल्यांपैकी ९.९ टक्के लोकांची. पुढे एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात व्हेप देण्याची योजना तेथील सरकारने जाहीर केली.

पण त्याच प्रयोगातले पुढचे आकडे आमची मुले वाचत नाहीत. व्हेपच्या आधाराने ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यापैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. औषधाच्या आधाराने सोडणाऱ्यांपैकी फक्त ९ टक्के लोक औषध घेत होते. म्हणजे धूर गेला, निकोटीनची गुलामी राहिली. शिवाय त्या प्रयोगात दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला, प्रशिक्षित माणसाचे समुपदेशन मिळत होते. पानटपरीच्या मागच्या बाजूने चोरून घेतलेल्या व्हेपबरोबर कोणता समुपदेशक मिळतो?

दुसरीही बाजू आहे. स्वाद आणि रंग पाहून शाळकरी मुले व्हेपकडे वळू लागली, म्हणून त्याच ब्रिटनला १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. समाजाच्या पातळीवर या वस्तूने सिगारेट सुटते हे सिद्ध झालेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. आणि या धंद्यात पैसा कोणाचा आहे? मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या अमेरिकेतील आल्ट्रिया कंपनीने २०१८ मध्ये जूल या व्हेप कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलर्स मोजून घेतला. ज्याने रोग विकला त्यानेच पुढे उतारा म्हणून दुसरे दुकान थाटले. प्रस्थापितांची ही रीत आमच्या समाजाला नवी नाही.

आता आपल्या देशातील कायदा पाहू. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेने इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायदा केला. त्यानुसार व्हेपचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते ओढण्याला या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. पण मित्रासाठी दोन जास्तीच्या आणल्या, परदेशातून येताना बॅगेत भरून आणल्या, कोणाला विकल्या, की प्रकरण अंगाशी येते. सिगारेट सोडायला निघालेला आमचा तरुण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला आम्हाला पाहायचा नाही. त्याच्या पाठीशी मोठा बाप नसतो. अशा एका नोंदीने सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत काय होते, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

चोरट्या मालात काय भरले आहे, हेही कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसे अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ माणसे दगावली. तपासात प्रामुख्याने दोष आढळला तो गांजाच्या अर्काच्या कुप्यांत भेसळ केलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा. त्यांतला बराचसा माल चोरट्या बाजारातला होता. आपल्याकडे तर सगळाच बाजार चोरटा आहे.

येथे एक रास्त प्रश्न विचारला जातो. कमी अपायकारक व्हेप बंद, आणि माणसे मारणारी सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर सुरू, हा कुठला न्याय? प्रश्न अगदी बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर, जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. गुटखा कोठे मिळत नाही, आणि सुटी सिगारेट कोणत्या टपरीवर मिळत नाही, हे वाचकांनीच सांगावे. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत म्हणजे आयटीसीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे. विमाही तेच उतरवणार आणि सिगारेटच्या नफ्याचा वाटाही तेच घेणार. राज्यघटनेचे ४७ वे कलम शासनाला सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य सांगते. नवी वस्तू बंद करून आणि जुनी चालू ठेवून ते कर्तव्य पार पडत नाही. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. व्हेपवरच्या बंदीला आमचा विरोध नाही, लहान मुलांसाठी ती हवीच. पण एक दार बंद करणाऱ्या शासनाने सुटकेचे दुसरे दार उघडले पाहिजे.

हा प्रश्न आमच्या समाजाचा आहे, कारण तंबाखूशी आमचे नाते ओढणाऱ्यापुरते कधीच नव्हते. विदर्भात बिडीच्या कारखान्यांत आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठी वाकवल्या. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी त्या बिडी मजुरांना संघटित केले आणि ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध सहकारी तत्त्वावर बिडीचे काम उभे केले. १९३९ मध्ये, पस्तिशीतच, क्षयाने त्यांचा अंत झाला. तंबाखूच्या धंद्यात नफा एकाचा आणि खोकला दुसऱ्याचा, ही विभागणी जुनीच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के होते. खर्रा, मावा, मशेरी यांत अडकलेल्या आमच्या आयाबहिणींना व्हेपच्या चर्चेचा काडीचा उपयोग नाही. त्यांना लागतो डॉक्टर, औषध आणि धीर.

आता ‘हळूहळू’ या शब्दाकडे येऊ. कोर्टात हरणारा पक्षकार काय करतो? तारीख मागतो. आज साहेब आजारी, उद्या कागद नाहीत, परवा वकील बाहेरगावी. निकोटीनही मनाच्या कोर्टात असेच अर्ज टाकत राहते. या महिन्यात घरात लग्न आहे, पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, मग जयंती आहे. दिवसाच्या दहा सिगारेटी पाचवर आल्या म्हणून समाधान मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. आणि जो व्हेपही ओढतो व सिगारेटही ओढतो, त्याने तर दोन सावकारांचे कर्ज काढले आहे.

इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात काहींना दोन आठवड्यांत कमी करत जाऊन सोडायला सांगितले, तर काहींना ठरल्या दिवशी एकदम. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले, कमी करत गेलेल्यांपैकी ३९ टक्के. एकदम सोडणारे पुढे होते. पण कमी करत जाणाऱ्यांपैकीही शंभरात एकोणचाळीस टिकले ही गोष्ट लहान नाही. त्यांनाही सोडण्याचा दिवस आधीच ठरवून दिलेला होता. दिवस ठरलेला असेल तर हळूहळू हीसुद्धा वाट आहे. दिवस ठरलेला नसेल तर ती नुसती मुदतवाढ आहे.

आपला धम्म क्रमाक्रमाने शिकण्याला कमीपणा मानत नाही. तथागतांनी धम्माच्या शिक्षणाला महासागराची उपमा दिली, कारण समुद्राचा तळ एकदम खोल जात नाही, उतरत उतरत जातो. शील म्हणजे आज्ञाही नव्हे. ते शिक्षापद आहे, आपण होऊन स्वीकारलेला सराव आहे. म्हणून घसरलेल्याला विहारात पापी ठरवू नये, त्याला पुन्हा उभे करावे. पण समुद्राकडे निघालेले पाणी वाटेत डबके करून बसत नाही, हेही त्याच उपमेत आले.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, तारीख ठरवावी आणि ती घरात व चार सहकाऱ्यांत जाहीर करावी. दुसरी, औषधाचा आधार घेण्यात लाज मानू नये. निकोटीनचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो चुइंगमसारखा सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून, झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचा, चहा पिताना टाळायचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करायचा. हळूहळू कमी करण्याची खरी जागा ही आहे. तिसरी, १८००-११-२३५६ या सरकारी मोफत दूरध्वनीवर बोलावे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापण्याची सक्ती २०१८ मध्ये झाली. पाकीट विकत घेणाऱ्याने त्यावरचा तो आकडाही एकदा वाचावा.

चौथी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने निकोटीनच्या या उपचाराचा अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समावेश केला. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर व्यसन सोडवण्याचे केंद्र असणे अपेक्षित आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात ते केंद्र कोणत्या खोलीत आहे, आठवड्यातून किती दिवस उघडते, गम आणि पट्ट्यांचा साठा किती आहे, गेल्या वर्षात किती रुग्णांना त्या दिल्या, या चार प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तर आले नाही तर अपील करावे. बंगल्यात राहणारा माणूस खाजगी डॉक्टरकडे जाऊन सुटतो. झोपडपट्टीतला माणूस सुटला पाहिजे तर सरकारी दवाखान्यातले कपाट भरलेले हवे, आणि ते भरून घेणे हे चळवळीचे काम आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याचे काम. दिवसातून दहा वेळा ज्याच्या हुकमाने आपण उठून बाहेर जातो, तो मालक पाकिटात असो की बॅटरीवर चालणाऱ्या नळीत असो, मालकच आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या किमान पाच कार्यकर्त्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या पाळल्या जातील हे पाहावे. हा दावा आपणच आपल्याविरुद्ध लढायचा आहे. त्यात पुढची तारीख मागू नका, निकाल लावा.

जय भीम!